सासूबाईंचा पहिला ऑनलाइन तास

मंडळी, आज सकाळीच घडलेलं सांगते.

सासूबाईंनी साठीनंतर बीएला ऑनलाइन प्रवेश घेतला. मी आयटीतली, म्हणून शहाणपणा शिकवला, "आई, रेकॉर्डेड लेक्चर्स घ्या. सवडीनं बघता येतात."

"नको. मला समोर सर हवेत."

आज पहिला तास होता. सर स्क्रीनवर आले आणि सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यात नुसत्या निऱ्या!

सर म्हणाले, "काकू, चेहरा दिसत नाहीये तुमचा."

"तुम्ही बसा म्हटल्याशिवाय कशी बसू, सर?"

"बसा, काकू," म्हणत सर स्वतः उठले आणि अख्खा तास त्यांनी उभ्यानं शिकवला.

तुमच्याही घरी आईला, सासूबाईंना शिकायचंय का? त्यांना ‘सवडीनं बघा’ एवढं मात्र म्हणू नका. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्याच सवडीनं जगल्यात.