भुसाचाचांची शेगडी

भुसाचाचा हंडीचं झाकण उघडून कधी बघत नसत. ते हंडी ऐकत. दोन फुटांची लाकडी पट्टी घ्यायची, तिचं एक टोक झाकणावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मागं आरा मशीनवर सागाचं खोड कर्कश आवाज करत चिरलं जात असे, आणि त्या गोंगाटात हा माणूस मुगाचं कढण शिजण्याचा आवाज ऐकत उभा असे. मनासारखं असलं तर म्हणत, "हां. पुटपुटून राह्यलंय. बराबर." नसलं तर भुवया आवळत. "बडबड करायला लागलं. आच जास्त झाली."

परतूरला स्टेशनच्या अलीकडं लाकडं कापायचं ते आरा मशीन होतं. चाचा तिथले जुने कारागीर. केसांत, मिशांत, कानाच्या पाळीवर कायम भुसा. म्हणून सगळं गाव त्यांना भुसाचाचा म्हणायचं. खरं नाव रेशनकार्डावर तेवढं असेल. मी ऐंशीच्या दशकात तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि मशीनच्या शेडच्या मागच्याच बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. शेती थोरल्या भावावर सोपवून आई आणि आबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा आबांना त्या परक्या गावात पहिला माणूस भेटला तो चाचाच. दुपारचं जेवण झालं की आबा शेडमध्ये जाऊन एका ओंडक्यावर बसत. दोघं बोलत मात्र फार कमी.

चाचांची शेगडी म्हणजे रंगाचा एक रिकामा डबा. त्याला खाली बाजूला एक भोक. त्या भोकातून एक दांडकं आडवं घालायचं, मधोमध एक उभं धरायचं आणि भोवती भुसा मुसळानं ठोकून ठोकून भरायचा. मग दोन्ही दांडकी अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. जाळ नाही, धूरही नावापुरता. सकाळी लावलेली शेगडी दुपार टळेपर्यंत आतल्या आत जळत राही. भुसा ते चाळून घेत. कडुनिंबाचा बाजूला टाकत. "कडू धूर आजारी माणसाच्या नाकाला बिलकुल चालत न्हाई," म्हणत. बाभळीचा त्यांचा आवडता. हंडीच्या काठाला कणकेची वळी लावून झाकण बंद केलं की चार तास त्याला हात लावायचा नाही, मशीनच्या मालकानं सांगितलं तरी.

त्या हंडीत दुधीचं, शेवग्याच्या पाल्याचं, हुलग्याचं असं काही ना काही शिजे. मटण खाणाऱ्यांसाठी हाडांचा शोरबा. गावातले डॉक्टर त्याला सूप म्हणायचे आणि पेशंटला सरळ सांगायचे, "चाचाकडून आणा." बाळंतीण असो, तापातून उठलेला असो, दात गेलेली म्हातारी असो, चाचा डबा भरून पाठवत. त्याबद्दल कुणाकडून काही घेत नसत. फक्त एक गोष्ट मागत. डबा परत घेऊन येणाऱ्याला विचारत, "सगळं पिले का? काय म्हणले?" आणि उत्तर असं कान देऊन ऐकत, जणू पट्टीच कानाला लावलीय.

"एवढ्या वेळात गॅसवर चार वेळा होईल, चाचा," मी एकदा थट्टेनं म्हणालो होतो.

"मास्तर, तू पोरांना एका दिवसात बाराखडी शिकवतो का?"

"नाही."

"मंग डाळीला का घाई करतो?"

शेडमधले सगळे हसले. आबा सगळ्यांत मोठ्यानं.

पुढच्याच वर्षी आबांना कावीळ झाली आणि बरी होता होता उलटली. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, पातळ द्या, गाळून द्या, थोडं थोडं द्या. चाचांना हे कळलं त्याच दिवशी शेडच्या दारात मला हाक आली. पितळी डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "गरम हाय तवर पाज. उद्या याच टायमाला ये."

आमचं घर माळकरी. डबा बघताच आईनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या हंडीत हाडं शिजत्यात. आबांच्या गळ्यात माळ हाये. मी न्हाई पाजायची." मी चाचांना एका वाक्यात विचारू शकलो असतो. त्या शेडपासून माझं दार वीस पावलांवर होतं. पण विचारायची मला लाज वाटली. नको म्हणायचीही वाटली. मी डबा मोरीत ओतला, घासला आणि परत नेऊन दिला.

"सगळं पिले?"

"सगळं."

"काय म्हणले?"

"फार छान झालंय म्हणाले."

चाचांचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या दिवशी खरं बोलणं आणखी अवघड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड. असे अठरा डबे मी मोरीत ओतले. रोज नवं कौतुक रचून सांगितलं. आज जिऱ्याचा वास आवडला, आज दोन घोट जास्त गेले. मी वर्गात मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवत होतो, हे इथं लिहितानाही हात अडतो.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती आजवर कुणाला सांगितली नाही. आबांनी एका संध्याकाळी मला विचारलं, "चाचानं काही पाठवलं न्हाई का रे? गावभर पाठवतो." मी म्हणालो, "नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ते गेले.

कढणानं आबा वाचले असते असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं कधी म्हटलं नाही. पण मित्र आपल्याला विसरला असं समजून ते गेले, आणि ते माझ्यामुळं.

मातीला चाचा आले होते. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कुठं तरी माझंच चुकलं असंल, मास्तर. एखाद दिवशी आच जास्त झाली असंल." त्यानंतरच्या आठवड्यात मी पाहिलं, तर शेगडीच्या डब्यातला भुसा काढून चाचांनी त्यात खिळे भरून ठेवले होते.

वर्ष गेलं. कुणी शोरबा मागायला आलं की चाचा हात जोडत. मी रोज त्या शेडवरून शाळेत जात होतो. रोज तो खिळ्यांचा डबा दिसत होता. आणि रोज मी पुढं जात होतो.

आबांचं वर्षश्राद्ध झालं त्याच महिन्यात कापूस बाजारातला एक हमाल शेडमध्ये आला. मी खुर्चीचा पाय बसवून घ्यायला तिथंच उभा होतो. त्याची बायको बाळंत होऊन पाच दिवस झाले होते.

"चाचा, दोन दिवस झाले, पाणीबी ठरत न्हाई तिच्या पोटात. तुमच्याच हातचं पायजे."

"दुसरीकडं बघ, बेटा. माझ्या हाताचा गुण गेला. मास्तरच्या आबांना अठरा दिवस पाजलं, काय झालं?"

तो पोरगा परत फिरला. तो दारापर्यंत गेला असेल, आणि माझ्या तोंडून निघालं, "चाचा, आबांनी एक घोटही घेतला नाही. मी सगळं ओतून देत होतो."

आरा चालू होता. कुणीतरी जाऊन तो बंद केला. मी सगळं सांगितलं. आईचं बोलणं, मोरी, रोजचं कौतुक. चाचा ओरडतील, हाकलून देतील, असं वाटत होतं. बरंही वाटलं असतं.

ते म्हणाले, "मंग आबा काय पीत व्हते?"

"साबुदाण्याची पेज. ठरत नव्हती."

"उपाशी व्हते म्हण की." मग त्यांनी विचारलं, "मी पाठवून राह्यलो, हे तरी म्हाईत व्हतं का त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यावर त्यांना कळलं. ओंडक्यावर ते बसून राहिले, आबा बसायचे त्याच. मग उठून फळीवरनं एक हंडी काढली आणि माझ्यापुढं धरली. "कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणल्ती. तुमच्यासाठी येगळी. हिच्यात हाड कधी गेलं न्हाई. एकदा इचारायचं तर व्हतं रे."

मग त्यांनी दारातल्या हमालाला हाक मारली, "थांब, जाऊ नको. माळकरी हायेस का खाणारा?" आणि शेगडीच्या डब्यातले खिळे खाली गोणपाटावर ओतले. भुसा चाळताना त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

हंडीचं मी घरी सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर चाचा माझ्याशी पहिल्यासारखेच बोलत. चहा पाजत, थट्टा करत. कुणी मला नावं ठेवली तर त्याला गप्प करत. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. कुणासाठीही भरलेला डबा माझ्या हातात दिला नाही. माझ्या घराशेजारी आजारी माणूस असला, तरी डबा शेडमधल्या दुसऱ्या कुणाकडून जायचा. मी ते ओळखून होतो. त्यात राग नव्हता. कच्च्या, पुढं वाकणाऱ्या लाकडाची चौकट ते बनवत नसत, तेवढंच होतं ते.

चाचांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विजेवर दिवसभर मंद शिजवणारी भांडी आता दुकानात मिळतात. माझ्या मुलीकडं एक आहे. तिच्या कढणाला मी नावं ठेवत नाही. पण चाचांविषयी लिहायचं तर मला ते भांडं आठवत नाही, एक सकाळ आठवते.

मी खरं सांगितलं त्याला दहाबारा वर्षं झाली होती. चाचांचे गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी शेगडी चालू होती. स्टेशनच्या मागं रेल्वेचा एक रिटायर गँगमन आजारी होता. शेडमध्ये त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी इकडं तिकडं बघितलं, बराच वेळ घेतला आणि डबा माझ्या पुढं केला. "जा. पोचवून ये."

मी गेलो. म्हातारा पीत होता तोवर शेजारी बसून राहिलो. अर्धं पिऊन त्यानं वाटी सरकवली. येताना सगळ्या रस्त्यानं 'सगळं पिले, छान झालंय म्हणाले' हे शब्द आपोआप जिभेवर येत होते. एवढ्या वर्षांनीसुद्धा.

"सगळं पिले?"

"नाही, चाचा. अर्धं ठेवलं."

"का?"

"जिरं करपलंय म्हणाले. आणि मीठ नाही."

चाचांच्या मिशा ताठ झाल्या. "चाळीस वर्षं शिजवून राह्यलो, मला सांगतो जिरं करपलं!" त्यांनी डबा ओढून घेतला, उरलेलं कढण झाकणात ओतलं आणि एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. बोटानं मिशी पुसली.

"करपलंय खरं," ते म्हणाले. "दिसत न्हाई रे आता." आणि रिकामा डबा माझ्याच हातात ठेवून म्हणाले, "उद्या अकराला ये. जिरं तूच बघ, आणि डबाबी तूच ने."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि दहालाच शेडमध्ये जाऊन उभा राहिलो.