तिसऱ्या रांगेतली वाहवा

आमच्या ह्यांना छापखान्यात सगळे 'वाहवा' म्हणायचे. खरं नाव कुणाच्या लक्षात असेल तर शपथ! मालकसुद्धा हाक मारायचे ती 'अहो वाहवा, जरा मशीन थांबवा' अशी. जन्मभर हे त्या अजस्र छपाई मशीनपाशी उभे राहिले. तिथल्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे ह्यांचा आवाज जो चढला तो कायमचाच. जेवताना ह्यांनी मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात हजर व्हायची. विनोद नाही, खरंच झालंय असं.

नाद म्हणाल तर एकच, संगीत नाटकांचा. स्वतःला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण ऐकावं ते ह्यांनीच. बसायचं तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. गाणाऱ्याने एखादी सुरेख जागा घेतली रे घेतली की ह्यांच्या तोंडून अशी 'वाहवा!' सुटायची की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीतून उडायची. आणि गाणं फारच आवडलं तर 'वन्स मोअर!' हे एकदा ओरडले की मागून सगळं नाटकगृह ओरडायचं. नाटक सुरू व्हायच्या आधी नटमंडळी पडद्याच्या फटीतून बघायची म्हणे, वाहवा आलेत का. आलेले दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

शेजारच्या खुर्चीवर मी. माझं काम चिमटे काढायचं. "अहो, हळू! लोक बघतायत!" हे माझं वाक्य लग्न झाल्यापासूनचं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी बायकांचे कपडे शिवते. त्यामुळे नायिका रडत असली तरी माझं लक्ष तिच्या झग्याच्या चुण्यांकडे. चुण्या नीट पडल्या असतील तर नाटक चांगलं, इतका माझा सोपा हिशेब.

पुढे संगीत नाटकं बंदच पडली. पाच-पाच तास बसून गाणी ऐकायला वेळ होता कुणाला? हेही निवृत्त झाले. खिडकीशी रेडिओ लावून बसायचे आणि कधीतरी एकदम 'वाहवा' म्हणायचे. रस्त्यावरून जाणारा एखादा दचकून वर बघायचा, बस्स, तेवढाच काय तो कार्यक्रम.

ह्यांचा नाद उतरला तो आमच्या लेकीत. एकुलती एक. मुलांना गाणं शिकवते, गळा चांगला आहे असं जाणकार म्हणतात. मी आपलं "बरं झालं" म्हणते. पण पस्तिशी उलटली तरी गाण्याचं नाव होईल असं काही घडेना. आम्ही दोघांनी ती आशा सोडून दिली होती, फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं. अशात एका नाट्यसंस्थेने ठरवलं, ह्यांच्या तरुणपणी गाजलेलं एक जुनं संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आणायचं. आणि नायिकेची भूमिका आली आमच्या लेकीकडे! हे त्या दिवशी स्वयंपाकघरात नाचले. गुडघे धरून नाचले, पण नाचले.

पहिल्या प्रयोगाला नाटकगृह तुडुंब. म्हातारी मंडळी काठ्या टेकत आली, आणि आपले आजी-आजोबा कशापायी वेडे झाले होते ते बघायला तरुण पोरंही आली. हे तिसऱ्या रांगेत. लेकीचं पहिलं गाणं झालं आणि ह्यांनी वन्स मोअर दिला. सगळ्यांनी उचलून धरला. ती पुन्हा गायली. दुसऱ्या गाण्याला तेच. तिसऱ्यालाही तेच! माझ्या चिमट्यांनी ह्यांचा दंड काळानिळा झाला, पण हे कुठले ऐकतायत. आणि ती बिचारी बापाला नाही कशी म्हणणार? गात राहिली. शेवटच्या अंकात नवऱ्याला निरोप देतानाचं गाणं आहे, नाटकाचा सगळा जीव त्यात. तिथपर्यंत येईतो तिचा आवाज बसला होता. वरच्या सुराला गेली आणि चिरकली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

बाहेर पडताना म्हातारे म्हणत होते, "छे, आमच्या वेळच्या बायका पहाटेपर्यंत गायच्या." तरुण म्हणत होते, "बरं होतं, पण संपतच नव्हतं." ह्यांनी दोन्ही ऐकलं.

नाटकाचा दिग्दर्शक म्हणजे हुशार माणूस, मी नाही म्हणत नाही, पण हसण्याशी त्याचं काय वाकडं होतं देव जाणे. त्याने फर्मान काढलं, पुढच्या प्रयोगापासून मध्ये टाळ्या नाहीत, दाद नाही, वन्स मोअर तर नाहीच नाही. आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्या एका मुलीचं पाठांतर तयार आहे. पुढच्या प्रयोगात लोकांनी तुम्हाला स्वीकारलं तर ठीक. नाहीतर तिला उभी करावी लागेल."

लेक घरी आली ती सरळ ह्यांच्या पुढ्यात बसली.

"बाबा, रागावणार नाही ना?"

"बोल की."

"परवा तुम्ही काही बोलू नका. वाहवा नको, काही नको. माझं काम जाईल हो."

ह्यांनी खिडकीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "माझ्यामुळेच चिरकलीस तू. शब्द देतो. तोंडातून अक्षर काढणार नाही." आणि चक्क हळू आवाजात म्हणाले. ह्या माणसाने गप्प बसावं म्हणून मी जन्मभर चिमटे काढले, आणि तो गप्प बसतो म्हणाला तर मलाच रडू यायला लागलं!

दुसरा प्रयोग दुपारचा. दारावर पाटी, आणि पडदा उघडण्याआधी गंभीर आवाजात सूचना, 'प्रयोगाची लय बिघडू नये म्हणून प्रेक्षकांनी शांत राहावे.' झालं! लोकांना जी दातखीळ बसली! परीक्षेला बसल्यासारखे सगळे ताठ. एका गृहस्थांना खोकला आला तर त्यांच्या बायकोने असं बघितलं की खोकला परत आत गेला. विनोदी नोकराचं काम करणारा नट जीव तोडून कोलांट्या मारत होता, पण एक जण हसेल तर. आणि गाणी! आमची लेक गाणं संपवून उभी राहायची आणि समोरून काही म्हणजे काही नाही. ती पुढचं वाक्य म्हणायची तेव्हा तिच्या हाताची बोटं झग्याच्या घडीत घुसलेली मला दिसायची. घाबरली की लहानपणापासून तिचं हेच.

हे शेजारी हातरुमालाचा बोळा दातांत धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "काय होतंय?" ह्यांनी नुसती मान हलवली.

मध्यंतरात मी सुईदोरा घेऊन आत निघाले, कारण लेकीची बाही काखेत उसवलेली मी बसल्या जागेवरून बघितली होती. वाटेत बाहेरच्या दालनात लोक कॉफी पीत होते, त्यांचं कानावर पडलं. एक आजोबा म्हणत होते, "काय गातेय ही पोरगी! टाळीसाठी हात नुसते शिवशिवताहेत, पण सूचना आहे ना." दोन कॉलेजच्या मुली एकीमेकीला विचारत होत्या, "टाळ्या कधी वाजवायच्या असतात गं? आपणच वाजवल्या तर बावळट दिसू." म्हणजे बघा! आवडलं सगळ्यांना होतं, आणि तोंडाला कुलूपही सगळ्यांच्या!

आत गेले तर लेक आरशासमोर बसलेली, दिग्दर्शक उभा. तो सांगत होता, "प्रेक्षक थंड आहेत. तुम्हीच बघताय ना? एकाही गाण्याला हालचाल नाही. पुढच्या प्रयोगाला आपल्याला विचार करावा लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो साहेब, लोकांची तोंडं तुम्हीच शिवलीत! आणि वर म्हणता लोक बोलत नाहीत? हा कुठला न्याय?"

"काकू, दाद आतून असेल तर ती जाणवते."

"आतून असेल तर? बाहेर जाऊन ऐका जरा!"

"आई, जाऊ दे," लेक म्हणाली. आरशातून माझ्याकडे बघत होती. "नसेल आवडत त्यांना. माझीच वेळ गेली असेल." अगदी शांतपणे म्हणाली. मी बाही शिवली, दोरा दातांनी तोडला आणि बाहेर आले.

खुर्चीवर बसता बसता ह्यांना सगळं सांगितलं. "ती हरली हो. आता शेवटच्या अंकात तुम्ही द्या वन्स मोअर. एकदाच. लोक तयारच आहेत, फक्त कुणीतरी सुरुवात करायला हवी."

ह्यांनी तोंडातला रुमाल काढला. "शब्द दिलाय तिला."

"खड्ड्यात गेला शब्द!"

"नाही गं. मागच्या वेळी तिला माझ्यापायी हसले लोक. पुन्हा काही बिघडलं तर मी कुठे तोंड लपवू?" आणि रुमाल परत तोंडात.

शेवटचा अंक सुरू झाला. निरोपाचं गाणं आलं. लेक पुढे आली, मागे ऑर्गन हळूच सुरू झाला, आणि ती गायला लागली. मला गाण्यातलं कळत नाही, हे मी सांगितलंच. पण त्या दिवशी मी चुण्या बघितल्या नाहीत. तिचा आवाज चढत चढत त्याच सुराला गेला, जिथे मागे चिरकला होता. सूर लागला! स्वच्छ लागला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि ती थांबली. ऑर्गनही थांबला. सगळीकडे चिडीचूप.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ताडकन उठले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

जन्मात कधी ओरडले नव्हते. फाटक्या, किनऱ्या आवाजात ओरडले. आणि बघते तर हे माझ्याकडे डोळे फाडून बघतायत.

"अगं, गाणं संपलं नाहीये!" हे रुमालातून पुटपुटले. "श्वास घ्यायला थांबलीय ती!"

अगंबाई! मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, आधी एकदा तर होऊ द्या!" आणि अख्खं नाटकगृह हसलं. खो खो हसलं, पहिल्या अंकापासून कोंडून ठेवल्यासारखं. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी लेकीचं काम घालवलं! भीत भीत वर बघितलं, तर लेकही हसत होती. नवऱ्याला निरोप देणारी नायिका, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. तशीच, हसऱ्या आवाजात, तिने गाणं पुन्हा उचललं आणि शेवटाला नेलं. आणि मग टाळ्या. पाटी गेली उडत! कॉलेजच्या मुली उभ्या राहिल्या, काठ्यांचे ठोके पडायला लागले, चहूबाजूंनी 'वन्स मोअर'.

ऑर्गनवाल्याने बाजूच्या विंगेकडे बघितलं. तिथे दिग्दर्शक उभा होता. त्याने क्षणभर कपाळाला हात लावला, मग हाताने खूण केली, वाजव.

ती पुन्हा गायली. त्या उंच सुरावर पोहोचली, थांबली, आणि ह्या वेळी श्वास घेऊन झाला तरी पुढे गेलीच नाही. तिसऱ्या रांगेकडे बघत उभी राहिली. सगळे वाट बघतायत, ती ह्यांच्याकडे बघतेय. हे गोंधळले. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय करू?"

"अहो, ती मागतेय! द्या की आता!"

ह्यांनी रुमाल खाली ठेवला. आणि ज्या माणसाच्या मीठ मागण्याने शेजारीण धावत यायची, तो माणूस अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "वाहवा, बाळा."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं ते. लोक इतके गप्प होते. लेकीने मान झुकवली आणि पुढची ओळ घेतली.

नाटक संपल्यावर आत गेलो. दिग्दर्शक माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, पुढच्या प्रयोगालाही तुमच्या लेकीचंच काम राहील. पाटी काढतो. पण वन्स मोअर एका प्रयोगात एकदाच, आणि गाणं संपल्यावर!" आणि हसला हो तो! दात दिसले.

लेक ह्यांच्या गळ्यात पडली होती. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "बाबांची दाद मी लहानपणापासून ऐकतेय. पण तू? तू तर 'बरं झालं'च्या पुढे कधी जात नाहीस. आज काय झालं तुला?"

चेष्टेत उडवून लावावं असं मनात आलं होतं, पण तोंडातून खरं तेच निघालं. "मला कुठे कळतंय गं गाण्यातलं. तू थांबलीस, मला वाटलं संपलं. आणि मला ते संपायला नको होतं."