दत्ताअण्णांच्या उघड्या फाईली

श्री. दत्तात्रय शंकर ढवळे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दत्ताअण्णा, पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहिले ते निपाणीच्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. बेळगावच्या बसमधून उतरून थेट आलेले, काखेत चादरीचं गाठोडं. मी मान वर न करताच सांगितलं, "इस्त्रीवाला पलीकडं हाय." अण्णा आत आले, माझ्या टेबलावरचे स्क्रू हातानं बाजूला केले आणि गाठोडं सोडलं. आत एक जुना घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र असलेला.

"ह्यो टीव्हीला जोडलाय. चित्र येतंय, आवाज येईना," ते म्हणाले.

"चित्र येतंय न्हवं? मग झालं की."

"चित्राला काय करू? मला आवाजच पायजे."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अण्णा वायरमन होते. तिथल्या ऑफिसनं अडगळ म्हणून काढलेलं ते यंत्र त्यांनी मागून घेतलं होतं. दुपारपर्यंत मला बिघाड सापडला. एक तार सुटली होती, एवढंच. आवाज सुरू झाला आणि त्या डब्यातून एकदम चार सूर निघाले. मी डाग द्यायची सळई हातात धरून तसाच उभा. त्या दिवसापासून मी सातवी पास माणूस अण्णांचा शिष्य झालो. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात चार शब्द लिहायला मला सांगितलं, हा माझा मान आहे. पण हे शब्द मला सुखानं लिहिता येत नाहीत. का, ते पुढं येईल.

जुन्या कॉम्प्युटरवर गाणी रचणारं आमचं बेळगावचं मंडळ म्हणजे म्हाताऱ्यांनी जुन्या यंत्रांशी मांडलेला खेळ, असं पुष्कळांना वाटतं. म्हणून थोडं उलगडून सांगतो. त्या यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता येतात. पडद्यावर चार उभ्या रांगा असतात आणि सूर वरून खाली एकेक ओळ सरकत येतात. अण्णा बेळगावातल्या वडगावच्या विणकराच्या घरातले. ते म्हणायचे, "हे चार उभे ताणे. आडवा बाणा आपण घालायचा." असं रचलेलं गाणं दुसऱ्याला दोन तऱ्हांनी देता येतं. एक म्हणजे नुसतं रेकॉर्डिंग, ऐका आणि गप्प बसा. दुसरी तऱ्हा म्हणजे रचलेली मूळ फाईलच देणं. ती उघडली की एकूण एक सूर दिसतो, कुठला आवाज कुठं कापून लावलाय तेही दिसतं. शिका, बदला, उचलून आपल्या गाण्यात लावा. जेवण वाढणं वेगळं आणि चुलीपाशी बसवून घेणं वेगळं. द्यावी की लपवावी, यावरून आमच्यासारख्या जुन्या यंत्रांच्या वेड्यांत जगभर भांडणं चालतात.

अण्णांनी सगळ्यांना चुलीपाशी बसवलं. आमच्या मंडळात टिळकवाडीचे एक वकील आहेत. त्यांनी एकदा बजावलं, "अण्णा, एक दिवस कोणीतरी तुमचं चोरून नेईल बघा."

"चोरतंय कशाला? दारातच ठेवलंय. न्या म्हणावं."

त्यांची सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे 'मागाची गल्ली'. त्यातला ठेका कुठल्याही तबल्याचा नाही, त्यांच्या वडिलांच्या हातमागाचा आहे. आवाज यंत्रात पकडायची डबी मीच जोडून दिली होती आणि टेपरेकॉर्डर घेऊन वडगावला गेलतो तेव्हा मीही बरोबर होतो. वडील मागावर बसले आणि वैतागून म्हणाले, "दत्तू, माग काय गाणं म्हणतोय व्हय रं?" तेही वाक्य टेपवर आलं. अण्णांनी ते कापलं नाही. बाण्याचा दोरा घेऊन धोटा जातो, फणी आदळते, मध्येच वडील करवादतात, आणि त्याच्यावर ट्यून चढत जाते. पुढं फिनलंडच्या एका गृहस्थांनी तो मागाचा आवाज उचलून आपली रचना केली आणि अण्णांना पाठवली. अण्णा मंडळात सगळ्यांना ऐकवत फिरले. "आमच्या बाबांचा माग बर्फात चालतोय बघा!"

त्यांच्या मायेबद्दल किती सांगू? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पडद्याकडं बघायची बंदी होती. अण्णा रोज जेवणानंतर फोन करायचे आणि नवीन फाईल ओळीओळीनं वाचून दाखवायचे. "सी तीन. खाली मोकळं. मग शून्य चार. एफ सहा." मी फोन स्पीकरवर ठेवून डोळे मिटून ऐकायचो आणि डोक्यात ती ट्यून वाजायची. चार दिवस हे ऐकून सूनबाईंनी हळूच विचारलं, "मामा, मटक्याचे आकडे घेताय व्हय हो?" अण्णांना सांगितलं तर इतके हसले की त्या दिवशी पुढची ओळच वाचता आली नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. संपादक मंडळींनी हे कापू नये, अशी विनंती आहे.

त्या फाईलीत आवाजांची नावं लिहायला एकतीस ओळी असतात. 'मागाची गल्ली'त आवाज दहाच होते. उरलेल्या ओळी रिकाम्या. आमच्यात रिवाज असा की रिकाम्या ओळींत कोणी रामराम लिहितं, कोणी गावाचं नाव, कोणी मित्राला निरोप. अण्णांनी त्या एकवीस ओळींत आपल्या गल्लीतल्या एकवीस माणसांची नावं लिहिली होती. माग चालवणारे, कांड्या भरणाऱ्या बायका, ताणा करणारे. अण्णांना स्वतःला त्यातली निम्मीच ठाऊक होती. बाकीची त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गंगूआक्कांनी, शेजारी बसून सांगितली. यातले बहुतेक लोक कधीच गेलेले आणि त्यांची नावं कुठल्याच साडीवर नव्हती. हे अण्णांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. जो उघडंल त्याला दिसंल, एवढाच त्यांचा हिशेब.

पुढं घरातल्या फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी लागली. उरलेली एकच प्रत घेऊन अण्णा निपाणीला आले. "बापू, ही नेटवर चढव. चार लोकांकडं गेली म्हंजे मरायची न्हाय." देण्यानंच वस्तू टिकते, असा त्यांचा विश्वास.

फाईल साफ करायची एक आज्ञा असते. ज्या ओळीला आवाज नाही ती ओळ ती काढून टाकते आणि फाईल हलकी होते. दुरुस्तीवाल्याचा हात माझा, जादा स्क्रू दिसला की काढायचा. ओळींत काही लिहिलंय हे मला दिसलं होतं. रामराम असेल, म्हटलं. आज्ञा दिली, फाईल हलकी झाली. मला समाधान वाटलं. मग त्याच फ्लॉपीवर, त्याच नावानं जतन केली आणि नेटवर चढवली. ट्यून जशीच्या तशी वाजत होती, त्यामुळं अण्णांनाही कळलं नाही. ती साफ केलेली फाईलच जगभर गेली. फिनलंडलाही तीच.

काही वर्षांनी गंगूआक्का गेल्या. तेराव्याचं जेवण झाल्यावर वडगावच्या घरात अण्णांनी भाच्यांना आणि मला जवळ बसवलं. "तुमच्या आईनं सांगितलेली नावं वाचून दाखवतो." नेटवरून उतरवलेली फाईल उघडली. दहा ओळी भरलेल्या, अकराव्यापासून खाली काही नाही. अण्णा खाली गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

"बापू, नावं कुठं गेली रं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तोंडातून आलं, "नेटवर काय बी हुतंय अण्णा. पुसली असतील कुणीतरी."

"तुझ्याकडं फ्लॉपी हाय न्हवं?"

"ती खराब झाली."

फ्लॉपी माझ्या खणात धडधाकट होती. तीही तितकीच रिकामी.

त्या दिवसानंतर अण्णांनी दार लावून घेतलं. फाईल उघडून आवाज उचलणारे म्हणून ठाऊक होते ते एकटेच, त्यामुळं फिनलंडच्या गृहस्थांना कडक पत्र गेलं. आमची माणसं पुसायचा तुम्हाला काय अधिकार? त्यांचं सौम्य उत्तर आलं, माझ्याकडं आली तेव्हा फाईलीत नावं नव्हती. तरी अण्णांच्या दुःखाचा मान म्हणून त्यांनी मागाचा आवाज घेतलेली आपली रचना सगळीकडून काढून टाकली. अण्णांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. मग मंडळातही अण्णा नुसती रेकॉर्डिंग आणायला लागले. सुनंदाताई, टिळकवाडीतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, तेव्हा नवीनच शिकत होत्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, नुसतं ऐकून काय शिकू? आत बघू द्या की."

"पुसणाऱ्यांच्या हातात मी पुन्हा देणार न्हाय."

"मी पुसणाऱ्यातली आहे का हो?"

सुनंदाताईंनी वही मिटली आणि पुढच्या बैठकीपासून त्या आल्या नाहीत. मी तिथंच बसलो होतो, चहाचा कप हातात धरून. दीड वर्ष मी असाच बसून होतो. ज्या माणसानं मला ओळीओळीनं वाचून दाखवलं, त्यानं माझ्यामुळं जगाला दार लावलं, आणि मी बघत राहिलो.

शेवटी खणातली फ्लॉपी घेऊन मी वडगावला गेलो. त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी फ्लॉपी उलटी-सुलटी करून बघितली. "तू पुसलीस?"

"व्हय. साफ करायला गेलतो."

त्यांनी फ्लॉपी खाली ठेवली. मग म्हणाले, "ज्या दिवशी ओळीत लिवलेलं दिसलं, त्या दिवशीच इचारायचं हुतंस, अण्णा हे काय म्हणून. आक्का हितंच बसलेली असायची की रं."

एवढंच. त्या दिवसानंतर आजपर्यंत त्यांनी हा विषय माझ्यापुढं काढलेला नाही. पण त्याच बैठकीत त्यांचं पुढचं वाक्य ऐकून मला भुई फाटावी असं झालं. ते म्हणाले, "मग त्या फिनलंडवाल्या बिचाऱ्याला मी काय काय लिवलं रं बापू."

आपलं गेलं त्याच्या आधी दुसऱ्यावर झालेला अन्याय या माणसाला टोचला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माफीचं पत्र लिहिलं. पत्रात माझं नाव घातलं नाही. 'चूक आमच्या घरात झाली' असं लिहिलं. त्याला उत्तर आलेलं नाही. अण्णा अजून वाट बघतात. सुनंदाताईंच्या दारात ते स्वतः गेले, सगळ्या फाईलींची पेटी घेऊन. "बाई, माझं चुकलं. उघडा आणि बघा काय बघायचंय ते." ताई पुन्हा येऊ लागल्या.

मग अण्णा 'मागाची गल्ली' पुन्हा रचायला बसले. गल्लीत दारोदार फिरून, स्वतःची आठवण ताणून, अकरा नावं जुळली. दहा जुळली नाहीत. कुणाचं माहेरचं नाव कळलं तर सासरचं नाही. कुणाचा नुसता आवाज आठवतो. कुणाचा माग कुठल्या खिडकीखाली होता तेवढं सांगता येतं, माणूस नाही. आक्कांना सगळी तोंडपाठ होती.

मी भीत भीत म्हटलं, "अण्णा, ह्या टायमाला कुलूप घालू या. फकस्त ऐकायला देऊ."

"कुलूप घातलं तर नावं कुणाला दिसणार?" म्हणाले. आणि त्यांनी वेगळीच युक्ती केली. एकवीसही ओळींना वडिलांच्या धोट्याचा एकेक ठोका दिला आणि ते ठोके ट्यूनमध्ये विणले. ओळीला आवाज आहे म्हटल्यावर साफ करायची आज्ञा तिला हात लावत नाही. ज्या दहा ओळींत नाव नाही, त्यांनाही ठोका आहे. ट्यून ऐकली तर एकवीस वेळा धोटा जातो. फाईल उघडून बघितली तर अकरा जण दिसतात. ही फाईल आज कुणालाही उघडता येते. माझ्यासारखा एखादा अडाणी हात तिच्यावर पुन्हा पडेल, हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे. तरी दिली.

अण्णांचा उजवा हात आता थरथरतो. एका कानानं कमी येतं. वडगाव-शहापुरात जुनं कुणी भेटलं की ते अजून थांबून विचारतात, आणि दर वर्षी विचारायला माणसं कमी होत जातात. ज्यांच्या ठायी एवढी क्षमा आहे त्यांना आयुष्य तरी भरपूर मिळावं. त्यांचा दुसरा कान शाबूत राहावा, हाताला बळ राहावं आणि फिनलंडहून चार ओळी याव्यात, एवढं मी देवाकडं मागतो.

आणि हा ग्रंथ वाचणाऱ्यांकडं एक मागतो. तुमची आजी, चुलती, पणजोबा वडगावच्या त्या गल्लीत कांड्या भरत असतील, ताणा करत असतील, मागावर बसत असतील, तर घरात विचारा आणि अण्णांना येऊन सांगा. नुसतं नाव सांगितलं तरी पुरे. ते तुम्हाला बसवून घेतील, फाईल उघडतील आणि तुमच्यासमोर, थरथरत्या हातानं का होईना, ते नाव स्वतः लिहितील.