मॉलची तूरडाळ

राजारामपुरीत खानावळ चालवणाऱ्या आक्काताईंनी त्या दिवशी नेहमीच्या दुकानातली सोडून मॉलच्या स्वतःच्या नावाची तूरडाळ आणली. ती स्वस्त होती, म्हणूनच भीती वाटत होती. त्यांनी डाळ दोनदा निवडली, पाण्यात रंग सुटतो का पाहिलं, तरी जेवणाची वेळ होईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सहा वर्षं रोज जेवायला येणारा नागसेन पहिल्याच घासाला थांबला.

"आक्काताई, डाळ बदलली व्हय?"

त्या लगबगीनं त्याच्या ताटाजवळ आल्या. "व्हय. मॉलची हाय. वास येतोय काय?"

"न्हाय की. चांगली शिजलीया. वाढा अजून."

आक्काताईंनी वाढलं. पण सगळ्यांची ताटं रिकामी होईपर्यंत त्या एकेकाच्या तोंडाकडं बघत दारातच उभ्या राहिल्या.