चौथी लाईन

निखाडेभाऊ कुणाचाही फोन न सांगता बंद करत नसत. दुरुस्तीसाठी एखादी वायर काढायची असली की ते आधी जिने चढून त्या वॉर्डात जात, बोलणाऱ्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "बोलणं आटपून घ्या, मी तुमचा फोन दोन मिनिटं नेऊन राह्यलो." समोर मोठे डॉक्टर असोत की वॉर्डबॉय, वाक्य तेच. मी एकदा म्हटलं, "भाऊ, खालून इंटरकॉमवर सांगा ना." तर म्हणाले, "तोंडावर सांगतलं का माणूस राग नाई धरत."

वर्ध्याबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर आहे. निखाडेभाऊ आमच्याकडचे टेलिफोनचे टेक्निशियन. नाचणगावचे, पण नोकरीमुळे पिपरी मेघेला राहायचे. घरी ते आणि शोभावहिनी, दोघंच. उंच, किंचित वाकलेले, खिशाला कायम टेस्टर. काम झालं की आनंद नाही, बिघडलं की चिडचिड नाही. "होऊन जाते," एवढंच म्हणत.

कपाटाएवढं जुनं एक्स्चेंज काढायचं ठरलं, तेव्हा वहिनी वर तिसऱ्या मजल्यावर भरती होत्या. किडन्यांचं दुखणं होतं. बाहेरचे सगळे कॉल आमच्याकडे चार डिजिटल लाईनींवरून येत. त्या एकेक करून जुन्या एक्स्चेंजमधून काढायच्या आणि नव्या गेटवेत लावायच्या होत्या. गेटवे म्हणजे पुस्तकाएवढी एक पेटी. त्यासाठी रविवार ठरला, कारण ओपीडी बंद असते. आमचे साहेब भाऊंना म्हणाले होते, आपण पुढे ढकलू. पण सकाळी वहिनींनीच त्यांना खाली पाठवलं. "जा, माह्याजवळ बसून काय करता?" म्हणाल्या म्हणे.

दोन लाईनी दुपारपर्यंत नव्या पेटीवर गेल्या. तिसरी जुन्यातून काढली होती, नव्यात लावायची होती. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर होती. "निखाड्यांना वर पाठवा," ती म्हणाली. "त्या गेल्या."

मी हेडफोन काढून उठले. भाऊ केबल हातात धरून उभे होते.

"भाऊ, वर बोलावलंय. वहिनी…"

"गेली का?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी केबल नव्या पेटीत बसवली.

नागपूरहून आलेला इंजिनिअर म्हणाला, "सर, आप जाइए. मैं कर लूंगा."

"लाईट हिरवा होऊ द्या," भाऊ म्हणाले.

लाईट हिरवा झाला. मग त्यांनी आपल्या मोबाईलवरून दवाखान्याचा नंबर लावला. मी बोर्डावर उचलला. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि फोनमध्ये विचारत होते, "आवाज येते का?" मी म्हटलं, येतो. "बराबर येते का?" म्हटलं, बरोबर येतो. त्यांनी पुन्हा विचारलं. मग चौथी लाईन काढली, लावली, तीही तपासली. बेसिनवर साबण लावून हात धुतले, नीट पुसले, आणि जिन्याने वर गेले. लिफ्ट समोर उघडी होती.

अंत्ययात्रेत ते लोकांना गाड्या बाजूला घ्यायला सांगत होते. डोळ्यांत पाणी नाही. काळीज दगडाचं आहे, असं बायका बोलल्या. मलाही त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. कॉल घ्यायचे, जोडून द्यायचे, घरी जाऊन कुकर लावायचा.

काही महिन्यांनी दवाखान्याच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला. बायको गेल्याचं कळूनही या माणसानं काम सोडलं नाही, असं साहेब माईकवर म्हणाले. टाळ्या वाजल्या. भाऊंनी शाल-श्रीफळ घेतलं, खाली आले, शाल खुर्चीवर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती शाल घेऊन मी पिपरी मेघेला गेले. त्यांनी चहा केला. शालीकडे पाहिलंही नाही.

"ड्युटी कायची, कविता? मले भेव लागलं होतं," ते म्हणाले. "वर गेलो असतो त ते खरं झालं असतं. चौथी लाईन होईस्तोर ती माह्यासाठी जित्ती होती. आणखी दहा लाईनी असत्या त त्याही केल्या असत्या मी. लोकं म्हणते, काम केलं. मी लपून बसलो होतो."

चहावर साय धरली.

"तिच्याजवळ कोणी होतं का? सिस्टर काही बोलली का तुले?"

"नाही भाऊ. मी विचारलं नाही."

"मीही नाई विचारलं," ते म्हणाले. "इतके दिवस तिकडं पायच नाई वळला."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. "वर जाऊन येतो," म्हणाले. बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. महिनाअखेर नोकरी सोडतो, असं त्यांनी आधी सांगितलं. नाचणगावला भावाच्या भाजीच्या वावरात हात लावीन, म्हणाले.

"पाणी मांगत होती," ते म्हणाले. "सिस्टरनं पाजलं. अर्धा गिलास पेली. मंग गेली."

"हो का?"

"पाजलं ना पण," ते म्हणाले. "पाजलं तिनं."

ते रडले की नाही, मला सांगता येणार नाही. मी बोर्डाकडे पाहत होते. कॉल येत होते. मी हेडफोन काढून ठेवला. पलीकडच्या बोर्डावरच्या मुलीनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि माझेही कॉल ती घेऊ लागली.