जयवंताबाईंचा बिनतुऱ्याचा मोर

जयवंताबाईंच्या घरी कोणी आलं, की आधी त्याचे हात बघितले जात आणि मग तोंड. हाताला तेलाचा, हळदीचा किंवा संत्र्याच्या सालीचा नुसता वास जरी आला, तरी पाहुण्याची रवानगी थेट नळावर होई. यातून कोणी सुटलं नव्हतं. थोरले दीर सुटले नाहीत, मतं मागायला आलेला उमेदवार सुटला नाही. सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजीसुद्धा एकदा बेसन लावून हात धुतल्यावरच पाटावर बसले होते. नवरा मारोतराव सरकारी कचेरीत कारकून. नागपुरात राहून, ऐन मोसमात, स्वतः विकत आणलेलं संत्रं त्यांना मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून सोलावं लागे. सालीची चिळकांडी कुठवर उडेल याचा नेम नाही, असं बाईंचं म्हणणं होतं.

हा सगळा जाच क्रोशापायी. बाईंचं माहेर सावनेरचं. तिथे शेजारच्या मास्तरीणबाईंच्या हाताकडे बघत बघत त्या लेस विणायला शिकल्या, आणि लग्नानंतर सीताबर्डीवर गेल्या की साड्यांच्या दुकानाकडे ढुंकूनही न बघता दोऱ्याच्या दुकानात शिरू लागल्या. कोणी शिकायला आलं तर शिकवत, पण शिकणारी रडूनच घरी जाई. "दोऱ्याले गळफास नको देऊ वं," त्या म्हणत. "ओढून इनलं तर आखडते, ढिलं सोडलं तर गोणपाट होते. साखळी कशी एकसारखी निंघाले पाहिजे." लेस धुतली की ती दोरीवर टांगायची नाही, हा तर त्यांच्या घरचा कायदाच होता. तांदळाच्या पेजेची पातळ खळ देऊन ती खाटेवर पसरायची आणि कडेनं टाचण्या खोचून, ताणून वाळवायची. मारोतराव एकदा कचेरीतून दमून आले आणि मागचापुढचा विचार न करता त्या खाटेवर बसले. पुढे बरेच दिवस ते कचेरीत उभ्यानं काम करत होते. घरात मात्र कोणी त्यांची विचारपूस केली नाही, कारण त्यांच्या बसण्यानं लेसचा एक कोपरा ताणला गेला होता.

डागांच्या बाबतीत तर गल्लीला दुसरा डॉक्टर नव्हता. चहा सांडला, तर लगेच गार पाणी, गरम चुकूनही नाही. तेल सांडलं, तर ज्वारीचं पीठ दाबून ठेवायचं. गंजाला लिंबू आणि मीठ. हळदीची गोष्ट वेगळी. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, आणि नवख्या बायका तिथेच बोंब ठोकतात. बाई सांगत, "घाबराचं नाही. साध्या पाण्यात खळखळ काढाचं अन् ओलंच उन्हात पसराचं. हळदीले उन्हाशिवाय कोणाचंच भेव नाही."

त्यांच्या हातची सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मोरांचं टेबलक्लॉथ. चारी बाजूंनी मोरांची रांग, पिसाऱ्याचा डोळा न् डोळा वेगळा दिसणारा. त्यात एका मोराला तुरा नव्हता. तो विणत असताना मारोतराव बढतीची बातमी ओरडत घरात शिरले होते, विणीतले खांब, म्हणजे उभे टाके, मोजण्यात बाई चुकल्या, आणि लक्षात आलं तोवर पुढचे दोन मोर उभे राहिले होते. बढतीचा आनंद त्यांना त्यामुळे कधी नीट झालाच नाही.

आता त्या काळी मुलगी दाखवायची म्हणजे पोहे, चहा आणि मुलीच्या हातचं विणकाम ही तिन्ही हवीतच. पोहे आणि चहा कसेही जमत. विणकामाचं काय करायचं? गल्लीनं त्यावर सोपा उपाय काढला होता. कोणाकडे पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी मुलीची आई जयवंताबाईंच्या दारात धुतलेले हात पुढे करून उभी राही. टेबलक्लॉथ जाई, टेबलावर पसरलं जाई, आणि मुलीची आई सहज म्हटल्यासारखं म्हणे, "आमच्या पोरीनं केलं आहे जी." त्या मोरांच्या जोरावर अर्ध्या गल्लीतल्या मुली उजवल्या. शेजारच्या शोभाताईंची चारुशीलाही त्यातलीच. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण सावनेरच्या चांगल्या घरात पडली. तिच्या रुखवतात मांडलेले लेसचे रुमालही बाईंनीच विणून दिले होते.

बाई देत, हसून देत. पण आत कुठेतरी टोचत राही. सगळ्या गल्लीच्या पोरी विणकरणी ठरल्या, आणि जिनं बोटं झिजवली तिचं नाव गल्लीबाहेर एका माणसालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. आपल्या गोपिकेला बघायला लोक येतील तेव्हा टेबलक्लॉथ पसरायचं आणि चारचौघांत सांगायचं, हे माझं आहे. मुलीचं नाही, माझं.

बाहत्तर-त्र्याहत्तर साली तो दिवस आला. मारोतरावांच्या कचेरीतल्या आनंदरावांनी स्थळ आणलं होतं. मुलगा केशव, खाप्याच्या शाळेत मास्तर. शोभाताईंनी कुंपणावरून सल्ला दिला, "गोपिकेचंच नाव सांगजा वं. सारे तसंच सांगतेत." गोपिकेला विणता येत नव्हतं, आणि खोटं बोलता तर त्याहून येत नव्हतं.

पाहुणे आले. केशव आणि त्याची आई जिजाबाई. जिजाबाई चांगल्या आडव्या बांध्याच्या, कोणाचं कधी ऐकून न घेतलेल्या आवाजाच्या. जयवंताबाईंनी मोठ्या संयमानं त्यांना नळावर पाठवलं नाही. गोपिका पोहे घेऊन आली. जिजाबाईंनी पहिला घास घेतला, टेबलाकडे पाहिलं, आणि घास तोंडातच ठेवून वाकल्या. त्यांचं बोट बरोबर बिनतुऱ्याच्या मोरावर जाऊन थांबलं.

"हे टेबलक्लॉथ मी पाह्यलं आहे," त्या म्हणाल्या. "इथंच, बाजूच्या घरी. चारुशीलेले पाहाले आलतो तवा. ते माह्या भावाची सून आहे ना."

चारुशीलेच्या सासरच्या या बाई असतील हे जयवंताबाईंच्या गावीही नव्हतं. त्यांनी कित्येक वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं, आणि ते आता बोलायचं म्हणजे शेजारच्या पोरीला तिच्या सासरी खोटं पाडायचं. तिकडे मारोतरावांनी "अहो, ते तर आमच्या..." अशी सुरुवात केलीच होती. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उरलेलं वाक्य पोह्यांबरोबर गिळून बसले.

"हो जी," बाई म्हणाल्या. "चारुशीलेचंच आहे. शोभाताईकडून मांगून आणलं."

इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच मोरांसमोर, आपल्याच तोंडानं! त्यांनी मान खाली घातली. गोपिका आईकडे टकमक पाहत राहिली.

जिजाबाईंनी मात्र शांतपणे पोहे संपवले, हात पुसले आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. "मंग बरं झालं. शोभाताईलेच इचारू म्हणून हे संगं आणलं होतं. चारुशीलेच्या रुखवतातलं आहे, तिनं मले देल्लं होतं. यावर हळद सांडली, तर तिलेच म्हटलं, बाई, तूच इनलं, तूच काढ डाग."

पुडकं उघडलं. आत एक लेसचा रुमाल होता. म्हणजे कधीकाळी होता. आता तो हिरवा होता. धड पोपटी नाही, धड शेवाळी नाही, असा जागोजागी वेगळा हिरवा. आणि कडा आखडून गोळा झालेल्या.

जयवंताबाईंनी तो पाहिला आणि स्थळ, पाहुणे, चारुशीला, सगळं त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं.

"नीळ कोणी टाकली याच्यात?" त्या अशा कडाडल्या की केशव मास्तर खुर्चीत सावरून बसला. "साबण लावला अशीन, लाल झालं अशीन, मंग घाबरून सोडा टाकून उकळलं अशीन! अन् तरी पिवळं राह्यलं म्हणून वरून नीळ! पिवळ्यावर निळं टाकल्यावर हिरवं नाही होणार तं का पांढरं होईन? अन् सावलीत वाळवलं, दोरीवर, चिमटे लावून! हे पाहा, चिमट्याचे दात! माय वं, इनताना डोळे फुटले माहे या कडेवर! अन् तुमी बाप्पा, पोह्याच्या हातानं धरून राहिले त्याले! सोडा! पह्यले हात धुवा!"

जिजाबाई उठल्या आणि मुकाट्यानं नळावर गेल्या.

आपण काय बोलून बसलो ते बाईंना आता कळलं. पोरीचं लग्न मोडलं, चारुशीलेचं बिंग फुटलं, आणि तेही मुलाच्या आईला हात धुवायला लावून. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.

जिजाबाई ओले हात झटकत आल्या आणि समोर बसल्या. चेहऱ्यावर हसू होतं.

"नीळ टाकली तवाच आमच्या घरी सगळ्यायले समजलं होतं," त्या म्हणाल्या. "इनणारी पोट्टी असं करन का? पण कोणी बोललं नाही तिले. पोरगी गुणाची आहे, माह्या भावाले जीव लावते. मले फक्त एवढंच पाहाचं होतं, का एवढं सुरेख इनते तरी कोण. आता सांगा, कोणी इनलं हे?"

"म्या," जयवंताबाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "म्या इनलं. रुमाल बी, अन् हे मोर बी." आणि त्यांना रडू फुटलं.

"तुले येते का वं इनता?" जिजाबाईंनी गोपिकेला विचारलं.

"नाही जी. मायनं शिकवलं, पण मी पळून जाओ."

"बरं झालं," केशव मास्तर नळाकडे बघत हळूच म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते एकच वाक्य.

जिजाबाईंनी चहा घेतला, रुमाल जयवंताबाईंच्या ओंजळीत दिला, आणि उठता उठता टेबलावरून हात फिरवला. एवढा आवाजाचा जोर असलेली बाई, पण आता जरा चाचरत बोलली.

"एक मांगू का? पुढल्या महिन्यात माह्या पोरीले, सुमतीले, पाहाले येऊन राहिले उमरेडचे लोकं. हे टेबलक्लॉथ नेऊ देता का? तशी सोयऱ्यायले मांगाले लाज कसाची."

मारोतरावांना 'सोयरे' या शब्दाचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा ते लगबगीनं उठून केशवला पानाचा डबा देऊ लागले. गोपिका आत पळाली.

जयवंताबाईंनी डोळे पुसले, टेबलक्लॉथ उचललं आणि ते घडीघडीनं दुमडू लागल्या.

"न्या जी," त्या म्हणाल्या. "पण कोणी इचारलं, का कोणी इनलं, तं नागपूरच्या जयवंताबाईनं इनलं म्हणाचं. पोरीचं नाव सांगाचं असन, तं टेबल उघडंच ठेवा."

उमरेडच्या लोकांना काय सांगायचं याचा हिशेब जिजाबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"तुमचंच नाव सांगीन, बाई," त्या म्हणाल्या, आणि जयवंताबाईंनी मोर त्यांच्या हातात दिले.