कॉलेजशी सोयरीक

माझ्यासारख्याने लेखणी हातात धरावी, हे जरा जास्तच झालं. वाचणाऱ्यांनी उदार मनाने माफ करावं. पण माझी एका कॉलेजशी सोयरीक जमता जमता मोडत आली होती, आणि असं आमच्या भागात तरी दुसऱ्या कुणाचं झाल्याचं ऐकिवात नाही.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. परतूरजवळच्या आमच्या गावात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. हैदराबादच्या कॉलेजात बी.ए.साठी अर्ज केला आणि मास्तरांच्या सांगण्यावरून विषय मागितला समाजशास्त्र. (उर्दूत त्याला इमरानियात म्हणत. दोन्ही नावं घरच्यांना सारखीच परकी!)

"हे शिकून वकील व्हतो का?" आबांनी विचारलं.

"न्हाई, आबा."

"मंग तहसीलदार?"

"तसं... सांगता येत न्हाई."

"मंग शिकवतेत तरी काय त्याच्यात?"

"माणसं एकमेकांसंग कशी वागतेत, कोन कोनाचं लागतं, रीती कशापायी पाळतेत..."

"हे तर तुझी मामी बिनफीचं सांगती!"

तेवढ्यात कॉलेजचं बोलावणं आलं. मुलाने वडीलधाऱ्यांसह भेटीला यावं, निर्णय मागाहून कळवू. मी ते वाचून दाखवलं मात्र, मामा ताठ होऊन बसले. पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनीच जमवलेल्या.

"मुलगा बघनार, घरदार इचारनार, मागून कळवनार. ही सोयरीकच की! दाजी, तुम्ही घरीच ऱ्हावा. बोलणी तुमाला जमायची न्हाईत."

"मामा, ते कॉलेज हाय हो!"

"आन् आपुन मुलाकडचे हावोत. मान खाली घालू नको!"

मामांनी लग्नाकार्यातला कोट चढवला, भला मोठा फेटा बांधला आणि आम्ही रेल्वेत बसलो.

समाजशास्त्राचे प्रोफेसरसाहेब म्हणजे मूर्तिमंत अदब. आम्हाला बघून ते चक्क उठून उभे राहिले! (मला बघून उठून उभं राहणारं आजवर आमचं एक वासरूच होतं.) शिपायाने चहा आणला.

"पहले चाय लीजिए, बातें बाद में," साहेब म्हणाले.

"चा नक्को," मामा म्हणाले. "बात पक्की हुए बगैर हम पानी बी न्हाई पीते."

साहेबांचा चेहरा उतरला. "मेहमान चाय न पिए, तो मैं सवाल कैसे पूछूँ?"

"आन् सवाल न्हाई पूछे, तो मैं चा कैसा पियूँ?"

झालं! साहेब विचारीनात, मामा पिईनात. चहावर साय धरली. बाहेर पोरांची रांग व्हरांड्यापलीकडे गेली. मी घाबरून हळूच कपाला हात लावला, तर मामांनी टेबलाखालून असा चिमटा काढला की "अगं माय!" म्हणून ओरडलो. मुलाखतीतलं माझं ते एकमेव उत्तर!

शेवटी सवाल मामांनीच सुरू केले.

"इसके पहलेवाले पोरं इधर खुश हैं क्या?"

"जी, अल्हम्दुलिल्लाह."

"हमारा पोरगा इधर नांदेगा ना? कोई तरास?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण साहेब एकेक उत्तर बराबर देत होते! वर मामांनाच विचारत होते, मुलाकडचे पाणी का घेत नाहीत, मान कुणाचा आधी, रुसलं तर कोण समजूत काढतं. मामा रंगात आले. अखेर ते उठले, फेटा सावरला आणि म्हणाले,

"ठीक हाय साब. घर में इचार करके कळवते."

कॉलेजला! कळवते!

साहेब दारापर्यंत पोचवायला आले आणि झुकून म्हणाले, "हम इंतजार करेंगे."

गावी आल्यावर मी मामांच्या हातापाया पडलो. "मुलाकडच्यांनी उतावीळपना दावायचा न्हाई," एवढंच ते म्हणाले. कॉलेजकडून एक अक्षर आलं नाही. आबांनी मग परतूरच्या एका अडत्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला, आणि मी कापसाच्या गाठी मोजायला लागलो. माझं शिक्षण संपलं, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मीसुद्धा.

एक दिवस अडतीवर हमीद आला. परतूरच्या कापडवाल्यांचा मुलगा, यंदा त्याच कॉलेजात, त्याच वर्गात दाखल झालेला. ईदला घरी आला होता.

"अबे, तू इथं काय करून राह्यला?"

"कॉलेजनं घेतलं न्हाई."

"पागल हाय का? त्याच दिवशी घेतलं तुला! रोज हाजिरीत तुझं नाव पुकारतेत. साहेब म्हणतेत, नाव काटू नका, मुलाकडच्यांचा निरोप यायचाय!"

मी गाठीवरच बसलो. तिथूनच विचारलं, "आन्... शिकवून किती झालं रे?"

"जास्त न्हाई. सोयरीक आन् मानपान, एवढा एकच धडा. साहेबांनी पंधरवडाभर नुसता तुझा मामा शिकवला!"

अख्ख्या समाजशास्त्रात मला आधीपासूनच येत असलेला तेवढा एकच धडा होता, आणि त्याच धड्याला माझी गैरहजेरी लागली होती!